वेशीबाहेरचे तीन दिवस

७८६

मु. पो. बंदरवाडी, ता. मालवण
दि. १२ ऑक्टोबर २०२४

अजीज हुमा हीस नूरबानोकडून दुआ-सलाम.

येथे सर्व खैरियत. तुझी खैरियत अल्लाहकडे मागते. तुझ्या गुडघ्यांची वेगळी मागते, कारण तू त्यांना तेल लावत नाहीस हे मला इथे बसून कळतं.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मी ओरडले की तुझी सून घाबरते, म्हणून कागद घेतला. माझी शाळा चौथीत सुटली. लिहायला हात वळला तो तुझ्या भावाला कुवेतला पत्रं लिहून लिहून. आता तेच घरी येऊन बसलेत आणि मी त्यांचं गाऱ्हाणं तुला लिहितेय.

कायमचे आले ते पावसाआधी, आता पाऊस सरला. सुरुवातीला बरं वाटलं. नारळ पाडून घेतले, मशिदीत सगळ्यांना भेटले, खजूर वाटला. मग सगळं संपलं. आता काय करतात तर फजरच्या आधी उठतात, शर्ट इस्त्री करतात, पॅन्ट चढवतात आणि पडवीत येऊन बसतात. जशी काय कंपनीची बस न्यायला येणार आहे. कोण येत नाही गो. कावळे येतात, माझ्या मासळीवर. मी म्हटलं, बसलाच आहात तर कावळे तरी हाकला. तर खळ्यात उतरले आणि सुकत घातलेले बांगडे उचलून एका रांगेत लावत बसले. डोकी सगळी एका बाजूला. मेलेल्या बांगड्याला शिस्त लावून काय मिळणार?

मिठाची पिंपं पण तशीच. मोठं, मधलं, लहान अशी ओळीने लावली. मला अंधारात हात घालून हवं ते पिंप मिळायचं, आता मिळत नाही. माझा हात चालतो आणि त्यांचा विचार चालतो. विचार होईपर्यंत ऊन जातं. मग मी हातातलं ओढून घेते आणि करून टाकते. ते परत पडवीत.

तिथे ते कॅम्प बॉस होते हे तुला ठाऊक आहे. मजूर राहतात त्या कॅम्पवरचे मुख्य. मी लोकांना तोऱ्यात सांगायची, बॉस आहेत म्हणून. पण आपल्यातलं म्हणून सांगते, किल्ल्या घेऊन खुर्चीत बसायचं काम असणार. त्या बसण्यानेच माणूस असा झाला. वरच्या मजल्यावर जाऊन पडा म्हटलं तर तिथेही जात नाहीत, आणि मलाही ते बरंच आहे. वरचा मजला लेकाचा, अरशदचा. तो दोह्याहून बायकोपोरांना घेऊन राहायला येईल तेव्हा नव्या गाद्यांचं प्लास्टिक मी माझ्या हाताने काढीन.

तुझा भाऊ आहे, तूच सांग. असा माणूस कामाला लावायचा कसा?

पोरांना प्यार. माझ्यावरची माया आहे तेवढी ठेव, वाढव म्हणत नाही.

तुझी भाभी,
नूरबानो

---

७८६

वैभववाडी
दि. २४ ऑक्टोबर २०२४

प्यारी नूरभाभीस हुमाचा सलाम.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा तुझा आवाज ऐकू आला, इतका की कानाचा इलाज झाला असं वाटलं. गुडघ्यांना तेल लावते. ते तुझ्यासारखेच आहेत, ऐकत नाहीत.

भाभी, एक सांगते, रागावू नकोस. माझ्या घरात सून आली तेव्हा माझ्या हातातून एकेक काम गेलं. पोरगी चांगली आहे, त्याचंच जास्त दुखायचं. भांडावं तर कशावरून? चहा तिचा, भाजी तिची, पाहुणा आला तरी उठून जाते ती. मी ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या बघायची. स्टेशनात कुठली गाडी थांबते आणि कुठली तशीच जाते ते मला पाठ झालं होतं. एक दिवस तिला सांगितलं की तांदूळ निवडायचे ते माझे, त्याला हात लावायचा नाही. तिने तांदूळ सोडले. तुला हसू येईल, पण मी तेवढ्यावर उभी राहिले.

भाईला कावळे हाकलायला देऊ नकोस. ते कोणाचंच काम नाही. त्याला पुरतं त्याचं असं काहीतरी दे, आणि एकदा दिलंस की तिकडे पाठ कर. कसालच्या बाजाराला तूच टेम्पोतून जातेस ना? तो बाजार त्याला दे. आणि भाभी, पाठ म्हणजे पाठ. मान वळवून बघायचं नाही.

भाईला माझी आठवण सांग. तुझ्या लोभाची सवय लागलीय, ती मोडू नकोस.

तुझी,
हुमा

---

७८६

बंदरवाडी
दि. १८ नोव्हेंबर २०२४

अजीज हुमा हीस दुआ.

तुझं ऐकलं. कसालचा बाजार तुझ्या भावाला दिला. खारे बांगडे, सुकी सुंगटं, गोलमा जवळा, सगळं टेम्पोत भरून दिलं आणि पाठ केली. पण टेम्पो वळणाआड गेला आणि माझ्याने राहवेना. मागच्या एस. टी.ने मी पण गेले. रागव हवं तर.

काय बघते, तर तुझ्या भावाने लहान, मधला, मोठा असे बांगड्यांचे ढीग घातलेले. प्रत्येक ढिगावर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर भाव. बायका यायच्या, भाव पाडून मागायच्या, आणि हे हात जोडून सांगायचे की बाई, सगळ्यांना एकच भाव आहे. सुक्या मासळीच्या बाजारात बाई भाव पाडायला येते, मासळी घरी जाताना सोबत नेते, एवढं त्या माणसाला कळत नाही. एक म्हातारी पुठ्ठे वाचून म्हणाली, मासळेचा दुकान नाय ह्या, पोस्ट ऑफिस आसा. सगळी रांग हसली.

मी पुढे घुसले. पुठ्ठे फेकले, ढीग एक केला, ओरडायला सुरुवात केली. दुपारपर्यंत टोपल्या रिकाम्या. ते बाजूला उभे होते. हातात तो पुठ्ठ्यावर लिहायचा पेन. त्याचं टोपण लावायचं, काढायचं, परत लावायचं, एवढंच करत होते. घरी आल्यावर हातपाय धुऊन पडवीत.

आता वाटतं, थोडं थांबले असते तर काय झालं असतं. पण माल परत आणायचा काय गो? तूच सांग.

त्यात दुसरी पंचाईत. देवाचा कौल झाला, यंदा गावपळण. डिसेंबरात तीन दिवस, तीन रात्री गाव रिकामं करायचं. माणूस, गाय, कुत्रं, कोंबडी, कोणी वेशीच्या आत राहायचं नाही. देव त्यांचा असला तरी वेस सगळ्यांची, असं तुझे अब्बा सांगायचे, म्हणून आपली घरंही निघतात. तू तर त्यांच्या खांद्यावर बसून गेली होतीस म्हणे. मला मात्र नुसता वैताग आलाय. ऐन मासळी सुकवायचे दिवस आणि ती सोडून माळावर जाऊन बसायचं.

उत्तर लवकर लिही. लोभ असेल तर, नसेल तर तसं लिही.

नूरबानो

---

७८६

बंदरवाडी
दि. २३ डिसेंबर २०२४

अजीज हुमा,

दुआ-सलाम. आम्ही परत आलो, कोंबड्यांसकट. हे पत्र लांबेल, बसून वाच.

निघताना मी शिव्या घालत निघाले होते. सुंगटं अर्धी ओली, तशीच पिंपात भरली. कोंबड्या डालग्यात कोंबल्या. तुझ्या भावाने एकच पिशवी घेतली. त्यात दोर, बॅटरी, चुन्याचं पुडकं आणि इस्त्रीचा शर्ट.

वेशीपलीकडच्या माळावर नेहमीसारखा गोंधळ. ज्याला जिथे झाड दिसलं तिथे त्याने झापांची खोप घातली. कोणाची चूल कोणाच्या दारात, गुरं पाण्याच्या पिंपाशी. तुझा भाऊ माळाला एक फेरी मारून आला. मग चुना काढला आणि जमिनीवर रेघा ओढायला लागला. इथे खोपी, इथे वाट, चुली वाऱ्याच्या खालच्या अंगाला, पाणी वरच्या अंगाला, आणि परसाकडे जायचं ते पार लांब काजूंच्या मागे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मानकऱ्यांतले अप्पा आहेत ना, ते मोठ्याने म्हणाले, इलो कुवेतचो मामलेदार! लोक खदाखदा हसले. पण संध्याकाळी वारा सुटला आणि रेघेबाहेरच्यांच्या खोपीत धूर शिरला. खोकत खोकत एकेक जण आपली खोप उचलून रेघेच्या आत आला. मग अप्पाच ओरडत फिरत होते की इद्रीसभाईक विचारल्याशिवाय कोणी खुंटी मारायची नाय.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांची मिळून मोठी चूल. शिवराक खाणाऱ्यांचं पातेलं वेगळं, त्यात मासळीचा चमचासुद्धा जाणार नाही म्हणून हे स्वतः तिथे उभे. कोणी लाकडं आणायची, कोणी पाणी, कोणी म्हाताऱ्यांना आधी वाढायचं, सगळं ठरवून दिलेलं. सिद्धेश, तो ट्रॉलरवाला, एरवी बापाचं ऐकत नाही, तो हंडा घेऊन रांगेत मुकाट. मी सवयीने पुढे घुसले आणि कांदे चिरायला सुरी उचलली. तर तुझ्या भावाने सुरी माझ्या हातातून काढून घेतली आणि सांगितलं की तुझी पाळी उद्या सकाळी, आज बस. हुमा, मला बस असं कोणी म्हटलं त्याला किती वर्षं झाली? मी बसले. माझ्यासोबत मासळी कापायला येते ती शेवंती हसून लोळायची बाकी होती. म्हणाली, बाये, तुका पण कोणतरी गावलो.

बसल्या बसल्या बघितलं. त्यांचं चालणं बदललं होतं. घरात पाय ओढत चालणारा माणूस इथे झपझप चालत होता, शीळ घालत. संध्याकाळी माझ्याशेजारी येऊन टेकले आणि बोलायला लागले. तिथे शेकड्यांनी माणसं असायची. कोणाला ताप, कोणाच्या घरी मयत, कोण रुसून जेवत नाही, कोणाला गावाकडून पत्र नाही. सगळ्यांची नावं पाठ ठेवायचे. म्हणजे किल्ल्या घेऊन बसत नव्हते गो. मी विचारलं, हे मला कधी लिहिलं नाहीत ते? तर म्हणाले, तू पत्रात विचारायचीस की कौलं कधी बदलायची, चिरे कुठून आणायचे. मी त्याची उत्तरं लिहायचो.

मग देवाने कौल दिला आणि गाव परत भरलं. सगळे ढोल वाजवत परतले. हे सगळ्यांच्या मागून आले, एकेका चुलीच्या राखेवर पाणी पडलंय का बघत. दाराशी आले आणि मी कुलूप काढेपर्यंत परक्यासारखे उभे राहिले.

आता डोक्यात एक खूळ शिरलंय. ट्रॉलरवर नेपाळचे, ओरिसाचे खलाशी येतात ना, त्यांना म्हणे वरच्या मजल्यावर ठेवायचं, जेवू घालायचं. मी नाही म्हटलं. अरशदच्या लादीवर खलाशी? थोडं बोलणं झालं. नवराबायकोत होतं तेवढंच. तुझ्यापर्यंत आलं तर मनावर घेऊ नकोस.

थंडी आहे, कानाला रुमाल बांध. मला विसरू नकोस, मी विसरू देणारही नाही.

तुझी भाभी,
नूरबानो

---

७८६

वैभववाडी
दि. ८ जानेवारी २०२५

भाभीस सलाम.

थोडं बोलणं झालं असं तू लिहिलंस. भाई इथे माझ्याकडे आलाय, कपड्यांची पिशवी घेऊन. ओट्यावर बसायचा आणि गाड्या बघायचा. मी त्या ओट्यावर बसलेली आहे, भाभी, मला ते बसणं कळतं. खोदून विचारलं तेव्हा बोलला.

खलाशी बोटीत बर्फाच्या खणाशेजारी झोपतात, आजारी पडले तरी तिथेच, हे त्याला गावपळणीत सिद्धेशने सांगितलं होतं. खर्च सिद्धेश आणि बाकीचे ट्रॉलरवाले उचलणार होते. भाईने खोल्या मापल्या, बिछाने कसे लागतील ते ठरवलं, चूल मागच्या अंगणात घेतली म्हणजे लादीला डाग नको. कसालला त्याने पुठ्ठे लिहिले होते, तसंच हेही मनाशी नीट मांडून तो तुला सांगायला खळ्यात आला. आणि शेवंती आणि बाकीच्या बायका मासळी कापत असताना, सगळ्यांसमोर तू काय म्हणालीस? म्हणालीस की जन्मभर दुसऱ्यांचे मुलगे झोपवलेत, स्वतःच्या मुलाला एकदा तरी झोपवलंत काय?

भाई म्हणाला, शेवंतीने मान खाली घातली, तिचं वाईट वाटलं. स्वतःचं वाईट वाटलं असं म्हणाला नाही. अरशद रांगायला लागला ते त्याने फोटोत बघितलं. तो कोणासाठी तिकडे होता हे मी तुला सांगायचं?

तुझा हात चालतो तसं तुझं तोंड चालतं. दोन्हींपुढे एकाच वेळी माणूस कसा टिकेल?

इन्सुलीजवळ रस्त्याचं काम करणाऱ्या एका ठेकेदाराचा मजुरांचा कॅम्प आहे. तिथे सगळं बघायला माणूस हवाय, असं त्याला कोणी कळवलंय. मी त्याला अडवणार नाही. तुला अडवायचं असेल तर त्याला फोन कर. मला ऐकू आलं नाही तरी त्याच्या चेहऱ्यावरून कळेल तू काय बोललीस ते.

रागाने लिहिलं आहे. राग जाईल, माया जाणार नाही.

हुमा

---

७८६

इन्सुली
दि. ६ फेब्रुवारी २०२५

नूरबानोस इद्रीसचा सलाम.

मी येथे खुशाल आहे. तुझी आणि घराची खुशाली अल्लाहकडे चाहतो. किती वर्षांनी तुला पत्र लिहितोय. फोनवर तू ओरडतेस आणि मी गप्प होतो, त्यापेक्षा हे बरं.

हुमाकडे असताना तुझा फोन आला, तेव्हा मी त्याची वाट बघत होतो. तू विचारलंस की मिठाच्या पोत्यांचं टेम्पोवाल्याला सांगितलंय का. मी सांगितलंय म्हटलं. पोती पोचली असतील.

येथे माणसं झारखंडची, बंगालची, थोडी विजापूरकडची. मी आलो तेव्हा पिण्याचं पाणी आणि धुण्याचं पाणी एकाच टाकीत होतं. आता वेगळं केलं. आजारी माणसाला वेगळी खोली केली. ठेकेदार कुरकुरला, पण ऐकलं. दिवस कसा जातो कळत नाही.

तू म्हणालीस ते खरं आहे. अरशदला मी कधी झोपवलं नाही. कुवेतला एखादा नवा पोरगा यायचा आणि पहिल्या रात्री उशीत तोंड खुपसून रडायचा. मी त्याच्या खाटेशी बसायचो, झोप लागेपर्यंत. कोणाच्या वाटचं बसत होतो ते मलाच ठाऊक. म्हणून तुझा राग नाही.

घरात तुझे हात इतके चालतात की माझ्या हातांना काही उरत नाही. ही तक्रार नाही, त्या हातांनीच घर उभं राहिलं. फक्त मी तिथे जिथे उभा राहीन तिथे तुझ्या वाटेत येतो. गावपळणीत तू बसलीस आणि मी काम केलं, ते तीन दिवस मला फार आवडले. पण गावपळण काही रोज होत नाही.

इथल्या लोकांना आपला खारा बांगडा द्यावासा वाटतो. कोणी येणारं असेल तर डबाभर पाठव.

तब्येत सांभाळ. मेहेरबानी कायम राहू दे.

इद्रीस

---

७८६

बंदरवाडी
दि. १७ एप्रिल २०२५

अजीज हुमा हीस दुआ.

मध्ये लिहिलं नाही. काय लिहायचं होतं? तू सगळं बरोबर लिहिलं होतंस. बरोबर लिहिलेल्याला उत्तर देता येत नाही.

ईदला ते आले नाहीत. कॅम्पवरच्या मुसलमान मजुरांची ईद कोण करणार म्हणून तिथेच राहिले. मी एकटीसाठी शीरखुर्मा केला आणि अर्धा शेवंतीकडे दिला. दुपारी अरशदने मोबाईलवर तोंड दाखवलं. बाबा खंय म्हणून विचारलं. मी सांगितलं, आणि बोलता बोलता वरच्या मजल्याचंही सांगितलं, की तुझ्यासाठी ठेवलाय, त्यावरूनच हे झालं. तर खजूर चावत चावत म्हणतो, अम्मी, माझ्यासाठी कशाला ठेवलास? आम्ही पनवेलला फ्लॅट बघतोय, गावात पोरांना कुठल्या शाळेत घालू? बाबांना द्यायचा होतास. इतक्या सहज म्हणाला गो. जसं काय मी त्याच्यासाठी वाटीभर खीर ठेवली होती आणि त्याला भूक नव्हती.

खलाशांचं तर सिद्धेशनेच केलं. जाळी ठेवतो त्या मांगरात बिछाने घातले, बाहेर चूल मांडली. परवा त्या वाटेने गेले तर अंगणात चुन्याच्या रेघा. पाणी वरच्या अंगाला, चूल वाऱ्याच्या खाली. एक नेपाळी पोरगा ओट्यावर केस विंचरत होता. मी रस्ता बदलला.

बांगड्यांचे दोन डबे आधी येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर पाठवले होते, ह्या खेपेला डबा भरला आणि स्वतःच इन्सुलीला गेले. कुडाळला एस. टी. बदलली, सावंतवाडीला परत बदलली. एवढ्याशा वाटेला माणूस तीन महिने लावतो. आणायलाच गेले होते. वाटेत सगळं बोलणं जुळवलं होतं.

त्यांनी मला खुर्ची दिली. स्टीलच्या पेल्यात चहा आणून दिला. पायात बूट होते. घरी चपला घासत फिरायचे. बसले आणि लगेच उठले, कारण कोणाच्या तरी हाताला तार लागली होती. परत आले, बसले, मग पाण्याचा टँकर आला. प्रत्येक वेळी आलोच म्हणून जायचे. सगळे त्यांना चाचा म्हणतात. एका बंगाली माणसाने विचारलं ही कोण, तर त्यांनी सांगितलं, ज्या बांगड्यासाठी तुम्ही भांडता तो ही सुकवते. तो माणूस माझ्या पाया पडायला वाकला. मला हसू आलं आणि रडू पण आलं. मी आयुष्यात पहिल्यांदा कोणाची तरी वाट बघत नुसती बसले, हातात काही नाही.

शेवटी नीट बसले तेव्हा सांगितलं की पावसानंतर कॅम्प बेळगावच्या बाजूला हलणार आहे. ठेकेदाराने त्यांना चला म्हटलं आणि त्यांनी शब्द दिला. सांगताना त्यांचं तोंड असं उजळलं होतं की काय सांगू. अरशद झाल्याची तार कुवेतला पोचली तेव्हा असंच दिसलं असेल. ते मी बघितलं नाही.

मी माझं जुळवलेलं बोलायला तोंड उघडलं. आणि तोंडातून काय निघालं, तर ह्या खेपेला बांगड्याला मीठ जरा जास्त झालंय. ते म्हणाले, चालेल. मग मला स्टँडवर सोडायला आले आणि एस. टी. हलायच्या आत परत फिरले, कारण कोणीतरी बोलवायला आलं होतं.

तू असतीस तर माझ्यातर्फे बोलली असतीस काय? कशाला विचारते. तुला ऐकू येत नाही आणि मला बोलता येत नाही.

माया ठेव. यंदा जरा जास्त ठेव.

नूरबानो

---

७८६

बंदरवाडी
दि. २८ एप्रिल २०२५

अरशदचे बाबा यांस नूरबानोचा सलाम.

येथे सर्व खैरियत. तुमचं तिथे नीट चाललंय ते डोळ्यांनी बघून आले, म्हणून विचारत नाही.

मी बांगडे द्यायला आले नव्हते. बांगडे कोणाकडूनही पाठवता आले असते. तुम्हाला न्यायला आले होते. वरचा मजला उघडलाय हे सांगायला. ईदच्या दुसऱ्या दिवशी गाद्यांचं प्लास्टिक फाडलं, खिडक्या उघडल्या. शेवंती मदतीला होती. तिने विचारलं, कोण येतला? मी पुढच्या गादीचं प्लास्टिक फाडायला घेतलं.

तिथे तुम्हाला धावताना बघितलं. आयुष्यभर मी तुम्हाला लवकर करा, लवकर करा म्हणत आले, आणि तुम्ही लवकर करत होतात ते मला सोडून दुसरीकडे. तेव्हा मनात आलं की आता काही बोलले तर ह्या माणसाच्या हातातलं मी परत एकदा ओढून घेईन. म्हणून मिठाचं बोलले. मीठ बरोबर होतं.

खळ्यात जे बोलले ते शेवंतीसमोर मागे घेतलं. ती म्हणाली, ज्याका बोललंस त्याका सांग. म्हणून लिहितेय. तुम्ही झोपवलेत ते कोणाचे तरी अरशदच होते. एवढं मला तेव्हा म्हणता आलं असतं. नाही म्हटलं. वरचा मजला दिला असता तर तुम्ही आज घरात धावत असतात, आणि मी तुमच्यावर ओरडत असते, आणि ते चाललं असतं.

परत या असं लिहीत नाही. दिलेला शब्द मोडायला सांगत नाही. बेळगावला जा.

पण त्याआधी मे महिन्यात रजा मागा. आगोटीचे दिवस आहेत, पावसाच्या बेगमीला सगळा मुलूख सुकी मासळी शोधत फिरतो, वर्षातला सगळ्यात मोठा बाजार, तुम्हाला सांगायला नको. तुम्ही कुवेतहून रजेवर यायचात तेव्हाही हेच दिवस असायचे. तुम्ही फाटकातून आत यायचात तेव्हा मी मासळी उलटत असायची आणि महिन्याने जायचात तेव्हाही मासळीच उलटत असायची. कधी उठले नाही.

म्हणून रजा किती दिवसांची ते आधी कळवा. तेवढे दिवस मी मासळी घालणार नाही. शेवंतीला सांगून टाकलं. ती म्हणते, बाये, आगोटीक खळा मोकळा? डोक्यार पडलंस काय? मी म्हटलं, पडले.

रिकाम्या हाताने बसायचं कसं ते मला ठाऊक नाही. तुमच्याशेजारी बसून बघेन. जमलं नाही तर उठेन, आणि परत येऊन बसेन.

पत्राच्या शेवटी लोभ मागायचा असतो. तो मागायचं तोंड मला राहिलं नाही. मी रजाच मागते.

नूरबानो